नियोजनराव

विद्यापीठाच्या वसतिगृहात एखाद्या खोलीच्या भिंतीवर पट्टीने आखलेला तक्ता दिसला, की समजावं, इथे नियोजनराव राहतात. वय बावीस, एम. ए. मराठी, भाग दोन. मानसशास्त्रवाले स्वभावाचे पाच पैलू मोजतात. त्यांतला शिस्तीचा घालताना ब्रह्मदेवाचा हात जरा सैल सुटलेला.

नियोजनराव पुस्तक वाचण्याआधी त्याची मुंज करतात. अप्पा बळवंत चौकात तीन दुकानांत सवलत विचारून चौथ्यात खरेदी. मग खाकी कव्हर, लेबल, आत नाव आणि तारीख. शेवटी एकूण पानांना दिवसांनी भागायचं. सध्या ‘कोसला’ सुरू आहे. पुण्यात शिकायला येऊन बापाचे पैसे उडवणाऱ्या, परीक्षांचा बोजवारा उडवणाऱ्या पांडुरंग सांगवीकराची ही कहाणी नियोजनराव रोज आठ पानं, सात ते साडेसात, अशी वाचताहेत. नेमाड्यांनी १९६३ साली ती जेमतेम अडीच आठवड्यांत लिहून काढली. इथे वाचायलाच दीड महिना, उजळणीचा आठवडा वेगळा.

हायलायटर तीन. पिवळा महत्त्वाचं, गुलाबी अतिमहत्त्वाचं, हिरवा ‘पुन्हा पाहणे’. काय सोडून द्यावं हे ठरवायला छाती लागते; ती नसल्याने एकही ओळ कोरी राहत नाही. गुण मात्र यांनाच पडतात, आणि त्यात नवल नाही. प्रश्नपत्रिका काढणारेही बहुधा तक्तेवालेच असतात.

त्यांचा रूम पार्टनर अगदी उलटा. जयकर ग्रंथालयात संतसाहित्यावरचा संदर्भ शोधायला जातो आणि मधमाश्यांवरचं पुस्तक काढून दोन कपाटांच्या मध्ये उभ्याउभ्या संपवतो. सेमिनारला संतांवर चार वाक्यं, मधमाश्यांवर वीस मिनिटं. नियोजनरावांना त्याची मनापासून चीड येते. इतकं वाचतो आणि नोंद एकाची नाही!

परवा त्याला झोप येईना. हाताशी लागली म्हणून नियोजनरावांचीच ‘कोसला’ उचलली आणि पहाटेपर्यंत संपवली. रंगीत रेघा सोळाव्या पानावर थांबल्या होत्या. त्यापुढे तो एकटाच गेला. सकाळी लाल डोळ्यांनी त्याने विचारलं, “पांडुरंगची धाकटी बहीण, मनी जाते, ते वाचलंस का रे?”

नियोजनरावांनी तक्त्यावर बोट फिरवलं.

“अजून नाही. ती बावीस तारखेला जाईल. आणि कव्हर का दुमडलंस?”