वनाविना वनविहारी

ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी पाऊस कसाबसा पाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो, ज्याच्या नावापुढे सरकारदफ्तरी 'अवर्षणप्रवण' अशी कायमची नोंद आहे, आणि ज्यातील सर्वांत ख्यातनाम अभयारण्य, म्हणजे १९७९ साली स्थापन झालेले नान्नजचे, हे वृक्षांच्या नव्हे तर वृक्षांच्या अभावाच्याच आश्रयाने जगणाऱ्या माळढोक नामक पक्ष्यासाठी राखून ठेवावे लागले, त्या सोलापूर जिल्ह्यात घनदाट अरण्यातून मोटारसायकल हाकण्याचा छंद जडलेले गृहस्थ निपजावेत, हे तर्कशास्त्राला धरून नसले तरी सोलापूरच्या स्वभावाला धरून आहे. येथल्या मागांवर निघालेले टॉवेल कोठल्या कोठल्या सागरतीरांवर पसरले जातात, आणि ते विणणारांपैकी कित्येकांनी समुद्र पाहिलेला नसतो. तेव्हा अरण्य नाही म्हणून अरण्याच्या तयारीत खंड पडावा, असे येथे कोणालाच वाटत नाही.

अशा गृहस्थांचा एखादा तरी नमुना शहराच्या प्रत्येक पेठेत आढळतो. वय पंचेचाळिशीच्या मागेपुढे. पेशा बहुधा बँकेतील कारकुनीचा, मास्तरकीचा किंवा वडिलार्जित चार यंत्रमागांवर देखरेख करण्याचा. वृत्ती सौम्य, कपड्यांना जळक्या टू-टी ऑईलचा मंद परिमळ, आणि उजव्या हाताची नखे कोणत्याही साबणाला दाद न देणारी. रस्त्यावरून एखादी जुनी यामाहा गेली की ते बोलता बोलता थबकतात, मान किंचित तिरपी करतात, 'जेट मोठा पडलाय' असा निवाडा देतात आणि मगच वाक्याच्या उर्वरित भागाकडे वळतात. ते वाक्य मयताच्या घरी सांत्वनासाठी उच्चारलेले असले तरीही या क्रमात बदल होत नाही.

वाहनाच्या निवडीचे प्रकरण कित्येक वर्षे चालते, आणि ते चालू असते तोवर गृहस्थ अत्यंत सुखात असतात. वाहन टू-स्ट्रोकच हवे, हे कलम मात्र प्रथमच मंजूर झालेले असते. कच्च्या वाटांसाठीच घडविलेली एक्सपल्स हिरो कंपनीने २०१९ साली बाजारात आणली, तिच्यावरून पुतण्या रविवारी कोठे कोठे जाऊनही येतो. परंतु चार-स्ट्रोक इंजिनाबद्दल गृहस्थांचा तात्त्विक आक्षेप आहे. त्यांच्या मते ते यंत्र सरकारी कचेरीच्या धर्तीवर चालते: प्रथम अर्ज आत घ्यावयाचा, मग तो दाबून ठेवावयाचा, मग एकदाचा काय तो भडका, आणि अखेरीस धूर बाहेर, म्हणजे दांडा दोनदा गरगरा फिरावा तेव्हा काम एकदा होणार. टू-स्ट्रोकात प्रत्येक फेरीला ठिणगी कारणी लागते, आणि सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या पिस्टन स्वतःच उघडतो व मिटतो, झडपा म्हणून वेगळे नोकर ठेवावे लागत नाहीत. सिद्धांत बिनतोड आहे. त्याच खिडक्यांतून न जळलेले पेट्रोलही बाहेर पळते, आणि धुरावरील निर्बंध कडक होत गेले तसतशा या गाड्या कारखान्यांतून हद्दपार झाल्या, एवढा तपशील ते हलक्या आवाजात सांगतात.

उमेदवार मोजकेच. राजदूत खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राबलेली, पण १७३ सीसीच्या त्या देहाला अश्व मिळाले साडेसात. म्हैसूरच्या कारखान्याची येझदी शरीराने दणकट, आणि जिची किक तीच गियरची दांडी, अशी तिची काटकसर. ऐन ओढ्यात गाडी बंद पडली असता त्या एका दांडीकडून दोन खात्यांचे काम करवून घेताना माणसाची काय तारांबळ उडते, हे जाणकारांनी सांगितल्यामुळे ती बाद झाली. शेवटी कौल मिळाला आरएक्स १०० ला: ९८ सीसी, अकरा अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलो, १९८५ ते १९९६ एवढाच कार्यकाळ, आणि त्यामुळेच आज नव्या कोऱ्या गाडीइतकी किंमत मागणारी. विकणारा प्रत्येक इसम तिला 'वरिजनल' म्हणतो. या ग्वाहीवर विश्वास ठेवून गृहस्थ ती घरी आणतात आणि दुसऱ्याच दिवशी तिचे मूळपण घालविण्याच्या उद्योगाला लागतात.

पहिले पर्व वेगाचे. मेकॅनिक चौकात बैठक बसते. खिडक्या कानशीने घासून रुंद होतात, हेड लेथवर चढवून अर्धा मिलिमीटर उतरविले जाते, आणि मूळ सायलेन्सर जाऊन त्याजागी मध्ये फुगलेली व दोहों टोकांस निमुळती अशी एक्सपान्शनची नळी येते. या नळीचा विषय निघाला की गृहस्थांच्या वाणीला बखरकारांचे ओज चढते. बाहेर पडणाऱ्या धुराची लाट नळीच्या निमुळत्या टोकावर आपटून परत फिरते आणि पळून चाललेले ताजे पेट्रोल पुन्हा सिलिंडरात लोटते, ही विद्या पूर्व जर्मनीत एम्‌झेड कारखान्याच्या वाल्टर काडेनने सिद्ध केली. त्याचाच स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ साली स्वीडनमधील शर्यतीहून परस्पर निसटला, ती विद्या घेऊन सुझुकीकडे गेला, आणि पुढच्याच वर्षी पन्नास सीसीचे जगज्जेतेपद त्याने जपानी गाडीवर मिळविले. हा वृत्तांत ते आग्र्याहून सुटकेच्या थाटात सांगतात. मिठाईचे पेटारे तेवढे नसतात.

नळी बसल्यावर असे निष्पन्न होते की गाडीत सहा हजार फेऱ्यांच्या खाली जीवच राहिलेला नाही, आणि त्याच्या वर जो जीव येतो तो एकदम सगळा येतो. शर्यतीच्या मैदानावर हा गुण. पण झाडाझुडपांतल्या वळणावाकणाच्या वाटेवर, जेथे चालीच्या वेगाने बुंध्याला वळसा घालून लगेच चढ चढावयाचा असतो, तेथे ही अकस्मात उसळणारी ताकद स्वाराला थेट बाभळीच्या स्वाधीन करते. म्हणून दुसरे पर्व मंदगतीचे. मॅग्नेटच्या चाकाला पोलादी कडे ठोकून ते जड करावयाचे, म्हणजे इंजिन संथ फिरतानाही मरत नाही. पुढचे दातेरी चाक एका दाताने लहान. उतरविलेल्या हेडखाली जाड गॅस्केट घालून गेलेले अर्धा मिलिमीटर परत आणावयाचे. पहिल्या पर्वात घालविलेले सर्व काही दुप्पट खर्चाने परत मिळविल्यावर चाचणीसाठी गृहस्थ हिप्परग्याच्या बाजूला काळ्या रानात शिरतात, आणि चाके चिकणमातीने मडगार्डापर्यंत थापली जाऊन गाडी ठाण मांडून बसली असता, दोन्ही बाजूंस दुधाचे कॅन लटकविलेला एक दूधवाला, कारखान्यातून आली तशाच आरएक्स १०० वरून, बांधाच्या कडेने 'काय मालक, फसलालाव काय?' असे विचारून निघून जातो.

परंतु खरा रस मोहिमेत नाही, कार्बोरेटरात आहे. त्याच्या पोटात एक बारीक सुई असते. तिच्या माथ्याशी खाचा कोरलेल्या असतात आणि नखाएवढी एक पितळी क्लिप त्यांपैकी एकीत बसते. क्लिप एक खाच खाली नेली की सुई वर उचलली जाते व पेट्रोल वाढते, वर नेली की घटते. मे महिन्यात सोलापूरची हवा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जाऊन विरळ होते, मिश्रण आपोआप दाट पडते. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीच्या थंडीत, याच्या उलट. सबब या फेरफारांची रोजकीर्द लाल कापडी बांधणीच्या वहीत ठेवलेली असते. दर फेरीनंतर प्लग काढून, चष्मा कपाळावर सारून, उन्हात त्याचा रंग पाहिला जातो: पांढरा असल्यास पिस्टन जाम होण्याचे भय, काळा व ओला असल्यास उधळपट्टी, आणि कोकोसारखा तपकिरी असल्यास त्या दिवशी घरात सर्वांशी गोड बोलणे. हा रंग क्वचितच साधतो. क्लिप मात्र एकदा बोटांतून निसटून फोडणीच्या कढईकडे गेली होती, आणि ती सापडेतो भाजी कोणालाही वाढण्यात आली नाही.

अरण्याचे म्हणाल, तर वनखात्याची हद्द वर्ज्य, आणि खाजगी रानातून जावे तर ज्वारीवाला काठी घेऊन उभा. उरते ती ओढ्याकाठची वेडी बाभूळ. तिच्या काट्याला टायरचे भय ठाऊक नाही. घटकाभराच्या स्वारीत अर्धा वेळ गृहस्थ ट्यूब पाण्याच्या डबक्यात बुडवून बुडबुडे शोधीत बसलेले असतात, आणि पाण्यात त्या वेळी म्हशीही असतात.

एक दिवस असा येतो की ज्याची त्यांना धास्ती असते. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे की कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही. त्या दिवसापुरती गाडी निर्दोष करावी लागते. माळ्यावरच्या लोखंडी पेटीतून, लग्नातल्या शालूंच्या खालून, सोलापुरी चादरीत गुंडाळलेला मूळ सायलेन्सर बाहेर निघतो. मूळ मडगार्ड, आरसे, मूळ दातेरी चाक यांची पुनःस्थापना होते. आरटीओतील साहेब गाडीला एक प्रदक्षिणा घालतात, इंजिन व चासीचे क्रमांक पडताळतात आणि शेरा मारतात.

परतताना बाईसाहेब मागे बसतात, कारण एरवी या गाडीला मागे बसण्यासारखी जागा उरलेली नसते. सात रस्त्यापासून रूपाभवानीच्या देवळापर्यंत गाडी एका किकेत सुरू होते, सिग्नलला बंद पडत नाही, धूर बेताचा सोडते, आणि शेजारून जाणाऱ्याला कानांवर हात ठेवावे लागत नाहीत.

'अहो,' बाई म्हणतात, 'आज गाडी कशी शहाण्यासारखी चालतेय!'

'हो ना,' गृहस्थ कष्टी होऊन म्हणतात, 'उद्या चौकात नेऊन दाखवतो.'