उपदेश वजा जाता

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मी ५१ वर्षांची होते. ‘आता पुढे काय?’ याचा विचार मला करावा लागला नाही. आमच्याकडे ते काम इतर लोक करतात. सासूबाई म्हणाल्या, भागवत सप्ताहाला बसावं. वन्सं म्हणाल्या, साबणाच्या वड्या करून विकाव्यात. खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात गाठून कॅल्शियमच्या गोळ्यांचं नाव लिहून दिलं, आणि त्यांना तर मी काही विचारलंही नव्हतं. दोन दिवसांत इतका माल जमा झाल्यावर माझ्या मनात आलं, हा गुण आपल्यातही कमी नाही, मग त्याची रीतसर पदवीच का घेऊ नये? म्हणून मी समुपदेशन मानसशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं.

हा गैरसमज पहिल्या तासापर्यंत टिकला. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या मॅडम वर्गात आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “एक गोष्ट आधीच सांगते. इथे कोणी कोणाला सल्ला द्यायचा नाही.” मी पर्समधली फीची पावती पुन्हा एकदा नीट वाचली.

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला शब्द दिसला की फोड करायची सवय असते. समुपदेशन. सम् अधिक उपदेशन. म्हणजे शब्दाच्या पोटात उपदेश मांडी घालून बसलाय, आणि दोन वर्षं शिकायचं काय, तर तो करायचा नाही. कांदाभजीतून कांदा वगळा म्हटल्यासारखं आहे हे. मी तसं बोलूनही दाखवलं. मॅडम म्हणाल्या, “तुम्हाला या शब्दाचा राग आलेला दिसतोय.” मला राग आला नव्हता. त्यांनी तसं म्हटल्यावर मात्र आला.

या सगळ्याचे मूळ पुरुष कार्ल रॉजर्स. जन्म १९०२, शिकागोजवळचा. आधी शेतीशास्त्र शिकायला गेले, मग पाद्री व्हायचं म्हणून धर्मशास्त्राकडे वळले, तेही सोडून मानसशास्त्रात आले. आमच्या घरात हा मुलगा असता तर दुसऱ्या वेळी कोर्स बदलतानाच भावकीची बैठक बसली असती. यांनी पुढे सांगितलं की समोरच्या माणसाला ‘पेशंट’ म्हणू नका, ‘क्लायंट’ म्हणा. आमच्या वर्गात क्लायंटला मराठी शब्द शोधण्यात अर्धा तास गेला. अशील म्हणावं तर वकील आठवतो, गिऱ्हाईक म्हणावं तर तराजू. ‘ग्राहक’ मी सुचवला आणि मीच मागे घेतला. आमच्या शाखेत ‘ग्राहक देवो भव’ अशी पाटी होती आणि तिच्या बरोबर खाली ‘जेवणाची सुट्टी’ अशी दुसरी.

रॉजर्सच्या सिद्धान्ताच्या मुळाशी बटाटा आहे. लहानपणी त्यांच्या घरी हिवाळ्यासाठी बटाटे तळघरात साठवत. वर कुठेतरी एक लहानशी खिडकी. त्या अपुऱ्या उजेडातही बटाट्यांना फिकट कोंब फुटायचे आणि ते दोन-दोन, तीन-तीन फूट त्या खिडकीच्या दिशेनं चढत जायचे. रॉजर्सना त्यात दिसलं की जीव कितीही वाईट परिस्थितीत असला तरी वाढायची धडपड सोडत नाही. माणसाचंही तसंच, आपण फक्त उजेडाची सोय करायची. मला हे फार आवडलं. घरी येऊन ओट्याखालच्या टोपलीत पाहिलं तर खरोखर दोन बटाट्यांना कोंब. मी हरखून सासूबाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, “कोंब काढ आणि आजच भाजी करून टाक.”

दुसरी एक गोष्ट मात्र अशी भाजीत गेली नाही. रॉजर्स तरुणपणी रॉचेस्टरला मुलांच्या समस्यांवर काम करायचे. एका उनाड मुलाच्या आईला ते भेटीमागून भेटी समजावत होते की बाई, मुलाला लहानपणापासून तुम्ही झिडकारलंत, दोष तिथे आहे. बाईंना काही ते पटेना. शेवटी रॉजर्सनी हात टेकले, आपण थांबूया म्हणाले. बाई उठल्या, हस्तांदोलन झालं, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, “तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही घेता का?” हो म्हटल्यावर परत येऊन बसल्या आणि स्वतःच्या संसाराचं सगळं दुःख त्यांनी ओतलं. रॉजर्स नुसते ऐकत राहिले. आणि मुलगाही पुढे सुधारला.

हे मला लगेच पटलं, कारण आपल्याकडे खरं बोलणं दारातच होतं. दोन तास बसतात, पोहे खातात, पावसावर बोलतात, महापालिकेवर बोलतात. मग उठतात, चपला घालतात, एक चप्पल घालून झालेली असते आणि म्हणतात, “अगं, एक सांगायचं राहिलंच.” की समजावं, आतापर्यंतचं सगळं पायरीच्या मोलाचं होतं, कळस आता येतोय. माझ्या धाकट्या जावेनं घर सोडायचा विचार मला असाच, लिफ्टचं दार पायानं अडवून सांगितला होता. त्या वेळी मी तिला काय म्हटलं? “आधी लिफ्ट सोड, लोक खोळंबलेत.”

आम्हाला १९६४ सालची एक फिल्म दाखवली. ग्लोरिया नावाची एक बाई, आणि तिच्याशी आळीपाळीनं बोलणारे तीन नामवंत: रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. कि. मो. फडक्यांमुळे एलिस मराठी वाचकाला परका नाही, आणि फिल्म पाहताना त्याचं कारणही कळतं. तो आपलाच वाटतो. बाईपेक्षा स्वतःच जास्त बोलतो, तिच्या विचारात चूक कुठे आहे ते पटापट दाखवतो; त्याला सदऱ्यावर उपरणं दिलं असतं तर आमच्या मामांच्या जागी खपला असता. आणि रॉजर्स? ग्लोरिया परोपरीनं विचारते, मुलीशी खरं बोलू की नको, तेवढं सांगा. हे गृहस्थ पुढे झुकून, मान हलवून, अतिशय मायेनं उत्तर देत नाहीत. शेवटी न राहवून मी अंधारात ओरडले, “अहो, सांगा ना!” दिवे लागल्यावर सगळ्या वर्गानं माझ्याकडे समानुभूतीनं पाहिलं.

वर्ग म्हणजे बावीस-तेवीसच्या पोरी. मला ‘काकू’ म्हणतात. सराव तिघींत होतो: एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. वीस मिनिटं रेकॉर्डिंग करायचं आणि घरी जाऊन शब्दन् शब्द उतरवून काढायचा. ही पद्धतही रॉजर्सचीच; त्यांनी १९४२च्या पुस्तकात एका क्लायंटच्या आठ भेटी अशा जशाच्या तशा छापल्या. आमच्या क्लायंटची समस्या अशी, की होस्टेलातली रूममेट हिचा शॅम्पू न विचारता वापरते. माझ्या उताऱ्याचा ताळेबंद पुढीलप्रमाणे निघाला: सल्ले ११, ‘आमच्या बँकेत’ ४, शिकेकाई उकळण्याची कृती १. क्लायंटनं एकूण सहा वाक्यं बोलली होती, त्यातली दोन ‘हो काकू’. मॅडमनी लाल शाईनं लिहिलं, “हे कोणाच्या गरजेतून?” बँकेत चाळीस लाखांच्या थकीत कर्जावरही मला कोणी इतका भेदक शेरा दिला नव्हता.

त्याच आठवड्यात वाचनात आलं की १९६६ साली एमआयटीत वायझेनबाउम नावाच्या प्राध्यापकांनी ‘एलायझा’ नावाचा संगणक-प्रोग्रॅम लिहिला होता. तो रॉजर्सची नक्कल म्हणून माणसाचीच वाक्यं प्रश्न करून परत द्यायचा. त्यांच्या सेक्रेटरीनं त्याच्याशी थोडं बोलून प्राध्यापकांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. म्हणजे सल्ला न देता बसणं एका यंत्रालाही जमलं होतं.

मग मी घरी सराव सुरू केला.

सासूबाई म्हणाल्या, “पोळी वातड झालीय.”

मी म्हटलं, “पोळी वातड झाल्याचं तुम्हाला वाईट वाटतंय.”

“वाईट कशाला वाटेल? दाढ दुखतेय.”

“दाढ दुखतेय.”

“तेच सांगतेय.”

त्या रात्री त्यांनी वन्संना फोन करून कळवलं की हिला हल्ली ऐकू कमी येतं, एकदा म्हटलेलं पुन्हा म्हणून खात्री करून घेते. कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

सगळ्यांत अवघड गेला तो विनाअट स्वीकार. मी सव्वीस वर्षं कर्जखात्यात काढलेली बाई. माझ्यासमोर बसलेला माणूस हप्ता बुडवणार, हे गृहीत धरण्याचा मला पगार मिळायचा. शिवाय रॉजर्सनी १९५७च्या लेखात माणसात बदल घडण्यासाठी लागणाऱ्या सहा अटी दिल्या आहेत आणि त्यांतली एक आहे विनाअट स्वीकार. वर्गात हे कोणाला खटकलं नाही. मी मात्र बारीक टायपात आणखी काही आहे का, ते शोधत राहिले.

दुसऱ्या वर्षी खरी क्लायंट मिळाली. तिच्याबद्दल काही सांगत नाही. वय नाही, गाव नाही. ती आली, बसली, आणि बोललीच नाही. माझ्याजवळ तोपर्यंत तीन सल्ले आणि एका डॉक्टरांचा नंबर तयार होता. मी गप्प राहिले. शहाणपणानं नव्हे, तोंडातून ‘अगं’ निघालं तर सुपरव्हिजनमध्ये त्या ‘अगं’चं लेखी स्पष्टीकरण द्यावं लागेल, या धास्तीनं. पंखा कुरकुरत होता. बाहेर कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं. तिनं ओढणीच्या टोकाची गाठ बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मीही माझ्या पदराचं तेच करतेय, हे जरा उशिरा लक्षात आलं. वेळ संपली. ती उठली, दारापाशी गेली, एक चप्पल घातली. दुसरी तशीच राहिली. आणि तिनं वळून एक वाक्य सांगितलं.

मी म्हटलं, “ये, बस.” उपदेशच म्हणायचा असेल तर तेवढाच झाला.

संध्याकाळी वन्संचा फोन आला. पहिली क्लायंट होती, हे त्यांना सासूबाईंकडून कळलं होतंच.

“मग? काय झालं? काय म्हणाली गं ती?”

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे वन्संना सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ते सांगायची परवानगी नव्हती. मी एक श्वास घेतला.

“तुम्हाला जाणून घ्यायची फार उत्सुकता वाटतेय, वन्सं.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “कान दाखवलेस का?” आणि फोन ठेवला.