चौरस फुटाला सव्वादोन किलो

मुलुंडमध्ये एकर कुणी पाहिलेला नाही. इथे जग चौरस फुटांत चालतं, आणि तेही कार्पेट की बिल्ट-अप हे आधी विचारून घेऊन. त्यामुळे मेहुण्याच्या तोंडून 'एकरी शंभर टन' हे शब्द निघाले तेव्हा मी पहिल्यांदा मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडला.

मेहुणा वाळवा तालुक्यातला, ऊसवाला. शंभर टनांचा त्याचा हिशेब सरळ आहे. एकरात तोडणीला येतील असे ४० हजार ऊस उभे राहिले आणि एकेक अडीच किलोचा भरला, की झालं. एकराचे चौरस फूट ४३,५६०. भागाकार केला तर चौरस फुटाला सव्वादोन किलोच्या थोडं वर पडतं. मी सव्वादोनच धरलं, अंदाज नेहमी हात राखून करावा. सोसायटीच्या गच्चीवर टाकीशेजारी तीस चौरस फूट रिकामे होते. म्हणजे साडेसदुसष्ट किलो ऊस. विक्रीचे अंदाज बांधणं हेच माझं पोटापाण्याचं काम, तेव्हा एक्सेलमध्ये तक्ता झाला, आलेखही निघाला. मग सोसायटीच्या ग्रुपवर मी जाहीर करून टाकलं की पुढच्या संक्रांतीला प्रत्येक घरच्या सुगडात ऊस आपल्या गच्चीवरचा असेल.

तोवर माती आणलेली नव्हती.

बेण्याची सोय तुळशीच्या लग्नाने केली. लग्न लागून गेलं की मांडवाच्या उसांचं करायचं काय, हा उपनगरातला वार्षिक प्रश्न. मी त्यांची दोन-दोन डोळ्यांची टिपरी पाडली. मेहुणा फोनवर कळवळला. "दाजी, बाजारातला ऊस बेण्याला लावत्यात व्हय? बेणं बेणेमळ्यातलं लागतंय. उष्ण प्रक्रिया केल्यालं."

मी वाचायला बसलो. पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, तिची स्थापना १९७५ ची. शुद्ध बेणं या दोन ठिकाणचं. काणी आणि गवताळ वाढ हे रोग बेण्यातूनच पुढच्या पिकात उतरतात, म्हणून टिपऱ्यांना ५४ अंशांच्या बाष्पयुक्त गरम हवेत अडीच तास ठेवतात. आमच्याकडे गिझर होता. बादलीभर कढत पाण्यात टिपऱ्या बुडवल्या, पण लवकरच बायकोला न्हाणीघर हवं झालं. टिपऱ्यांची आंघोळ झाली. प्रक्रिया झाली असं कुठल्याही शास्त्रज्ञाने म्हटलं नसतं.

तरी ऊस उगवला. मग माझ्यातला संशोधक आवरेना. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उपग्रह, जमिनीतले सेन्सर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून ऊस घेतात हे वाचलं आणि मातीची ओल मोजणारं एक यंत्र ऑनलाइन मागवलं. ते कायम 'ओली' असंच दाखवायचं. टाकी गळकी होती, त्यामुळे यंत्राची चूक म्हणता येत नव्हती. एकदा पानाखाली पांढरं काही दिसलं. २००२ साली लोकरी मावा सांगली भागात उतरला आणि बघता बघता राज्यभर पसरला, हे पाठ असल्याने माझे हातपाय गळाले. मेहुण्याला तातडीने फोटो पाठवला. उत्तर आलं, "पीस हाय. कबुतराचं."

मे महिन्यात मात्र खरंच काही घडलं. एका उसाच्या शेंड्यातून हातभर लांब, वाकलेलं, रुपेरी काहीतरी बाहेर आलं. तुरा! मी ग्रुपवर फोटो टाकला आणि संध्याकाळी सगळ्यांना दर्शनाला बोलावलं. माणसं आली. गच्चीवर तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे पापड आणि कुरडया वाळत होत्या. मी उसाच्या फुलोऱ्यावर चार शब्द बोलत असतानाच एका चिरंजीवांनी तो तुरा धरून गदगदा हलवला. वरचं पातळ आवरण फाटलं आणि आतून काजळीसारखी काळी भुकटी उडाली. वारा खाडीकडे वाहत होता. मधे पापड होते.

व्हिडिओ कॉलवर मेहुणा आधी पोटभर हसला. "दाजी, त्यो तुरा न्हवं, काणी हाय. चाबूक काणी. तुरा दिवाळीच्या आगंमागं येतोय, मे महिन्यात कुठनं येणार?" ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. तो पट्टा फुटायच्या आत अलगद पिशवी घालून कापायचा असतो आणि सगळं बेट मुळासकट उपटून जाळायचं असतं. मी पाहुणे बोलावले होते.

सेक्रेटरींनी नुकसानीचा विषय काढला, तेव्हा मी राज्याचा दाखला दिला. २०२३-२४ च्या हंगामात ऑगस्ट कोरडा गेला म्हणून महाराष्ट्रात ८८ लाख टनांच्या आसपास साखर होईल असं धरलं होतं. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला, उसाने अंग धरलं आणि साखर झाली सुमारे ११० लाख टन. एवढ्या मोठ्या यंत्रणेचा अंदाज हुकतो, मग टाकीशेजारच्या माणसाचं काय घेऊन बसलात? फोन स्पीकरवर आहे हे मी विसरलो होतो. मेहुणा म्हणाला, "त्यांचा अंदाज चुकला तवा साखर वाढली. तुमचा चुकला तर पापड काळं झालं."

काकूंना पापड विकत आणून दिले. ते त्यांना आवडले नाहीत, हे अजून ऐकू येतं.

बेटं उपटता उपटता शेवटी एकच निरोगी ऊस राहिला. मेहुणा बांधावरून नुसती नजर टाकून एकरी टन सांगतो आणि कारखान्याचा वजनकाटा बहुधा त्याच्याच बाजूने बोलतो. माझ्या तक्त्यात आता एकच ओळ उरली होती. संक्रांतीला एका उसाचे सुगडापुरते करवे तरी किती घरांना पुरणार? मी तो घेऊन स्टेशनजवळच्या रसवंतीत गेलो. नाव अर्थातच कानिफनाथ. पुरंदरात बोपगावला कानिफनाथांचं देऊळ आहे आणि या धंद्यातली पुष्कळ मंडळी त्याच बाजूची.

मालकाने ऊस हातात घेतला, एकदा उलटा केला, माझ्याकडे पाहिलं. "अर्धा गिलास निघंल."

घुंगरं वाजली. ऊस चरकातून गेला, चोथा दुमडून पुन्हा गेला. गिलास बरोबर अर्धा भरला, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. मी आलं-लिंबू आणि बर्फ घालायला सांगितलं तेव्हा कुठे तो पाऊण झाला. आलं, लिंबू आणि बर्फाचे पैसे त्याने वेगळे घेतले.