बेट पसंत पडेना

रत्नागिरीतून सहसा कुणी सुट्टीवर जात नाही. लोक सुट्टीवर रत्नागिरीत येतात. मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या गाड्या गणपतीपुळ्याचा रस्ता भरून टाकतात, आरे-वारेच्या वळणावर थांबून फोटो काढतात आणि जाताना हापूसच्या पेटीचा भाव पाडून मागतात. हे सगळं पडवीत बसून वर्षानुवर्षं पाहिलेल्या माणसाला एक दिवस वाटतं, की आता आपणही कुणाचं तरी गिऱ्हाईक व्हावं. तिथून अण्णांची सुरुवात होते.

अण्णा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. एक अण्णा नाचण्याला आहेत, एक झाडगावात, एक भाट्याच्या पुलापलीकडे. वय पासष्टीच्या अलीकडे-पलीकडे, बँकेत नाहीतर जिल्हा परिषदेत नोकरी होऊन गेलेली, थोडीफार कलमं, आणि घराच्या मागल्या अंगाला काढलेल्या दोन खोल्या. बाहेर पाटी: न्याहारी निवास. मुलगा पुण्यात आणि त्याने दिलेला टॅब इथे. रात्री जेवणं आटोपली की अण्णा त्या टॅबवरून कॅरिबियन समुद्रात उतरतात आणि झोपायच्या आत एखादं बेट नापास करून वर येतात.

कॅरिबियनच का, हे विचारायचं नसतं. अण्णांच्या पिढीचा भूगोल शाळेत झाला नाही, वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर झाला. १९७१ साली वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजमध्ये गेला. दिलीप सरदेसाईंनी किंग्स्टनला द्विशतक ठोकलं, आणि पहिली कसोटी बोटाच्या दुखण्याने हुकलेल्या एकवीस वर्षांच्या गावसकरने उरलेल्या चार कसोट्यांत ७७४ धावा केल्या. पोर्ट ऑफ स्पेनला जिंकलो, मालिका जिंकलो. पुढे १९७६ साली त्याच पोर्ट ऑफ स्पेनला चौथ्या डावात चारशेच्या वर धावा काढून पुन्हा जिंकलो. त्यामुळे ब्रिजटाउन, किंग्स्टन, पोर्ट ऑफ स्पेन ही अण्णांना राजापूर-लांज्याइतकी ओळखीची गावं. ‘मालदीव बघा ना, जवळ आहे,’ असं मुलगा सुचवतो. अण्णा त्याच्याकडे नुसतं बघतात. मालदीवमध्ये कसोटी क्रिकेट आहे का?

आता बेट निवडायचं म्हणजे राहण्याची जागा आली, आणि इथे अण्णांमधला यजमान जागा होतो. स्वतः खोल्या भाड्याने देणारा माणूस दुसऱ्याची खोली कधीच पाहुण्याच्या नजरेने बघत नाही. तो चादर बघत नाही, चादर कोण धुतं ते बघतो. सेंट लुशियात जेड माउंटन म्हणून एक हॉटेल आहे, २००६ साली सुरू झालेलं. तिथल्या सुइट्सना चौथी भिंतच नाही. तिथे पलंगावर पडल्या पडल्या समोर पिटॉन नावाचे दोन सुळके, ज्यांना युनेस्कोने २००४ साली जागतिक वारसा यादीत घेतलं, आणि पलंगापासून चार पावलांवर खाजगी तलाव. टीव्ही नाही, फोन नाही. एका रात्रीचे हजार डॉलरच्या वर.

“भिंत नाही, टीव्ही नाही, फोन नाही,” अण्णा टॅब मांडीवर ठेवून म्हणतात, “आणि वर हे पैसे. अगो, आपल्याकडे मागल्या खोलीचं प्लास्टर राहिलंय म्हणून त्या कोथरूडवाल्यांनी दोनशे रुपये कमी दिलेन!”

हजार डॉलरचे रुपये अण्णा करत नाहीत; पेट्या करतात. त्यातही दोन हिशोब असतात. मार्चमध्ये वाशीला पहिल्या पेट्या जातात तो भाव धरला, तर सेंट लुशियातल्या चार रात्री परवडतात. मे अखेरचा भाव धरला, तर त्याच पैशात स्वागताचं शहाळं पिऊन परत यावं लागतं. कुठला भाव धरायचा यावर निर्णय अडतो आणि तेवढ्यात अकरा वाजतात.

अँटिग्वाने अण्णांना फार दिवस भुरळ घातली होती. त्या बेटावर ३६५ किनारे आहेत, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. अण्णांना लगेच शंका: लीप वर्षी काय करतात? शिवाय सगळे किनारे पांढऱ्या वाळूचे. रत्नागिरीत मांडवीला काळी वाळू, तर मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र. एका गावात दोन रंग बघायची सवय असलेल्या माणसाला ३६५ किनाऱ्यांवर एकच रंग म्हणजे जरा काटकसरच वाटते.

बार्बाडोस आणि सेंट किट्स माकडांपायी गेले. पश्चिम आफ्रिकेतून कधीकाळी जहाजांवरून आलेली हिरवट माकडं तिथे मोकाट आहेत आणि शेतकऱ्यांच्या पिकांची नासाडी करतात, हे अण्णांनी वाचलं मात्र, दोन्ही बेटं त्याच रात्री रद्द. क्रिकेटची सगळी पुण्याई असूनही ब्रिजटाउन गेलं. कोकणात माकडांवर बोलायला लागला की बागायतदार तासभर थांबत नाही. जी डोकेदुखी वाडीत फुकट आहे ती डॉलर मोजून कोण घेईल?

जमैकात सँडल्स म्हणून रिसॉर्टांची साखळी १९८१ साली माँटेगो बे इथे सुरू झाली. जेवण, पेयं, खेळ सगळं एकाच दरात आणि प्रवेश फक्त जोडप्यांना. हे ‘फक्त जोडप्यांना’ अण्णांच्या घशाखाली उतरत नाही. एवढ्या लांब जायचं तर बरोबर साताऱ्याची बहीण, तिचे यजमान आणि मुलाची सासू नको? “एक्स्ट्रा गादी मिळते का, विचार,” असं ते मुलाला सांगतात. मुलगा विचारत नाही.

खरा जीव जडला तो नेकर बेटावर. ब्रिटिश व्हर्जिन बेटांतलं हे चौऱ्याहत्तर एकरांचं बेट रिचर्ड ब्रॅन्सनने १९७८ साली १ लाख ८० हजार डॉलरला विकत घेतलं. आता अख्खं बेट भाड्याने मिळतं. तिथला पूल, पांढरे पक्षी, समुद्राकडे उघडणारी घरं यांतलं काहीच अण्णांच्या लक्षात राहिलं नाही. त्यांना दिसला फक्त सातबारा. चौऱ्याहत्तर एकर आणि मालक एक! ना कूळ, ना सामाईक हिस्सा, ना मुंबईच्या चुलतभावाची हरकत. स्वतःच्या पावणेदोन एकरांवर अकरा नावं असलेल्या माणसाला हे चित्र बघून रात्रभर झोप लागली नाही. कॅरिबियनमधली खरी चैन त्यांच्या मते हीच.

ग्रेनाडावर मात्र अण्णा थट्टा करत नाहीत. या बेटाच्या झेंड्यावर जायफळ आहे, आणि जायफळ तर अण्णांच्या माडांच्या सावलीतही लागतं. इंडोनेशियाखालोखाल जायफळ पिकवणारा देश म्हणून ग्रेनाडाचं नाव होतं. मग ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन नावाचं वादळ आलं आणि जायफळाची बहुतेक झाडं आडवी करून गेलं. जायफळाला फळ धरायलाच सहा-सात वर्षं लागतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडे माड-पोफळींच्या वाड्या झोपवल्या, तेव्हा अण्णा दापोलीच्या मेव्हण्याकडे कोयती घेऊन गेले होते. त्यामुळे ग्रेनाडातल्या त्या बागायतदाराचं पुढे काय झालं, हे त्यांना हॉटेलच्या दरापेक्षा जास्त जाणून घ्यायचं असतं. हॉटेलांच्या जाहिरातीत ते नसतं.

वादळांवरून आठवलं: अण्णांच्या प्रवासाचा खरा शत्रू पैसा नाही, पंचांग आहे. कॅरिबियनमध्ये वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. कोरडा, निळा, जाहिरातीतला हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. आता हापूसकडे बघा. डिसेंबर-जानेवारीत मोहोर आणि फवारण्या. फेब्रुवारीत कैरी गळते म्हणून जिवाला घोर. मार्चपासून काढणी, पेट्या, वाशीचे फोन. फाल्गुनात शिमगा, आणि पालखी दारात यायची असताना घराला कुलूप लावणारा माणूस कोकणात अजून जन्माला यायचाय. मेमध्ये खोल्या भरलेल्या. जून उजाडला की अण्णा मोकळे होतात, आणि नेमक्या त्याच तारखेला तिकडची वादळं मोकळी होतात. पुढे लावणी, मग गणपती, मग कापणी. अण्णांना जेव्हा वेळ असतो तेव्हा बेटं उडून जायच्या बेतात असतात, आणि बेटं छान असतात तेव्हा अण्णा कलमावर असतात.

अरुबा, बोनेअर, कुरासाव ही दक्षिणेची तीन बेटं वादळांच्या वाटेपासून बरीचशी बाजूला आहेत, हा शोध लागला तेव्हा घरात शिरा झाला होता. पण तिथे पाऊस कमी, जमीन कोरडी आणि जिकडे तिकडे निवडुंग. “एवढं विमानाने जाऊन निवडुंग?” हा प्रश्न काकूंचा. अण्णांना उत्तर सुचलं नाही.

काकूंचं या सगळ्या प्रकरणात लक्ष नसतं असं वाटतं, पण एकेका वाक्यात त्या एकेक बेट बुडवतात. सेंट व्हिन्सेंटच्या एका हॉटेलचं जेवणाचं कार्ड वाचताना अण्णांना ब्रेडफ्रूट दिसलं. कॅप्टन ब्लाय याने १७९३ साली ताहितीकडून त्याची रोपं तिथे आणली, मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून. अण्णांनी फोटो मोठा करून दाखवला. काकूंनी चष्मा लावला. “अहो, हा नीरफणस. मागल्या दारी आहे. कापं करू का उद्या?” सेंट व्हिन्सेंट तिथेच संपलं.

प्रवासाची कागदपत्रंही कोकणी माणसाला समजतील अशीच गुंतागुंतीची. भारतीय पासपोर्टवर जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद यांना पर्यटक म्हणून जायला आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण भारतातून थेट विमान नाही. लंडन किंवा अमेरिकेवरून जायचं, तर वाटेत नुसतं विमान बदलायलाही त्यांची परवानगी लागू शकते. म्हणजे ज्याच्या घरी जायचं तो ‘या’ म्हणतो, आणि वाटेतला शेजारी आपल्या परड्यातून वहिवाट द्यायला तयार नाही. अण्णांच्या आजोबांचा असाच एक दावा बरीच वर्षं चालला होता. त्यामुळे ते या प्रकाराने चिडत नाहीत. समाधानाने मान हलवतात.

न्यू जर्सीच्या पुतण्याने तोड काढली: मायामीहून क्रूझ घ्या काका, आठवड्यात चार बेटं. अण्णांनी वेळापत्रक मागवलं. प्रत्येक बेटावर जहाज सकाळी लागतं आणि संध्याकाळी सुटतं. “आठ तास थांबणाऱ्याला आम्ही चहा देतो,” अण्णांनी कळवलं, “खोली दाखवत नाही.”

मुक्कामाबद्दलच्या या कल्पना त्यांना गावानेच दिल्या आहेत. रत्नागिरीतला सर्वांत नामवंत परदेशी पाहुणा म्हणजे ब्रह्मदेशाचा थिबा राजा. इंग्रजांनी राज्य घेऊन त्याला १८८६ साली इथे आणून ठेवलं. समुद्र-खाडीच्या देखाव्याचा राजवाडा त्याला मिळाला १९१० साली, आणि १९१६ साली तो इथेच वारला. इतिहासाच्या पुस्तकात याला निर्वासन म्हणतात. अण्णांच्या व्यवसायी नजरेला ते वेगळं दिसतं: तीस वर्षांचं बुकिंग, त्यातली चोवीस वर्षं ‘खोली तयार होतेय’ म्हणून बसवून ठेवलं, बिल सरकारने भरलं, आणि पाहुण्याला परत जायचं होतं तरी जाऊ दिलं नाही. असा पाहुणा पुन्हा होणे नाही.

यंदा तोबॅगोचं बऱ्यापैकी जमत आलं होतं. वादळं तिथवर क्वचित पोचतात, डोंगरातलं जंगल १७७६ पासून राखीव, आणि जेवणात चक्क खेकड्यांचा रस्सा. अण्णांनी समुद्रकाठच्या एका बंगल्याला इंग्रजीत पत्र पाठवलं: दोन माणसं, गोडं आणि खारं दोन्ही चालेल, श्रावणात सवलत काय? उत्तर आलं, फार अदबीचं. खोलीचा दर वेगळा, त्यावर कर, त्यावर सेवा शुल्क. अण्णांनी ते तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना वही घेतली.

तोबॅगो राहिलं. पण गणपतीनंतर न्याहारी निवासाच्या पाटीखाली नवी पाटी लागली. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ हा शब्द मोठ्या अक्षरांत, खाली सोलकढी अमर्याद, झोपाळा मोफत, सेवा शुल्क दहा टक्के. पहिल्याच शनिवारी पिंपरीचं सात जणांचं कुटुंब आलं आणि रविवारी दुपारपर्यंत पातेलंभर सोलकढी संपवून सुरमईकडे वळलं. सोमवारी सकाळी काकूंनी स्वतः खडू घेऊन पाटीवर एक ओळ वाढवली: मासे बाजारभावाप्रमाणे, आणि सोलकढी माणशी दोन वाट्या.