आग रामेश्वरी, ग्राफिक कार्ड सोमेश्वरी

मराठी मध्यमवर्गीय घरात गेमिंग कॉम्प्युटर कधीच गेमिंगसाठी येत नाही. तो ऑटोकॅडसाठी येतो, कोडिंगसाठी येतो, फार तर ‘प्रोजेक्ट’साठी येतो. म्हणूनच तो थकला की त्याच्यासाठी पैसे मागायची पंचाईत होते, कारण ऑटोकॅड तर अजून चालतंय! २०१४ च्या सुमारास घेतलेला असा एक नमुना डोळ्यांसमोर आणा: इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, २ जीबीचं जीटीएक्स ७५० टीआय कार्ड आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर. मालकाची मागणी साधी असते. १५,००० रुपयांत नवे गेम चालले पाहिजेत आणि तेही ‘अल्ट्रा’वर. त्यावर मित्रमंडळींचा सल्ला ठरलेला, “कार्ड बदल, बाकी सगळं ओके आहे.” माझं म्हणणं असं की, तुटपुंज्या पैशात कार्डाचा नंबर बराच मागे लागतो, आणि काय घ्यायचं यापेक्षा कुठे थांबायचं हे आधी ठरवावं लागतं.

आधी पुरावा बघू. पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. शत्रू कुठे उभा आहे, गोळी लागली की हुकली, भिंत पडली तर कुठल्या अंगाला, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो. त्यानंतर चित्र रंगवायचं काम कार्डाचं. एकाने पोळ्या लाटायच्या आणि दुसऱ्याने भाजायच्या, असा हा मामला आहे. लाटणाऱ्याचा हात मंद असेल तर भाजणाऱ्याला दुसरा तवा आणून देऊन पंगत लवकर उठत नाही. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये याच जातीचा मुद्दा मांडला होता: कामाचा जो भाग वेगवान होत नाही, तोच शेवटी एकूण वेगाला वेसण घालतो. मंद कोण आहे, हे शोधायला पैसा लागत नाही. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड दमलंय. जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसर. टास्क मॅनेजरमधल्या ‘सीपीयू ४० टक्के’ या आकड्यावर मात्र विसंबू नका. चारपैकी एका कोअरचं कंबरडं मोडलेलं असतं आणि उरलेले तीन टेकून बसलेले असतात. सरासरी ही चीज मुळातच आळशांच्या सोयीची.

निदान झालं तरी पाकीट काढू नका, आधी कॅबिनेटचं झाकण काढा. पंख्याखाली, हीटसिंकच्या पट्ट्यांवर, धूळ, केस आणि उदबत्तीचा धूर यांचा करडा थर बसलेला असतो. चिमटीत धरला तर तो सलग उचलला जातो. त्याखालची थर्मल पेस्ट वाळून तिचा भुगा झालेला असतो. अशा अवस्थेत प्रोसेसर १०० अंशांच्या घरात पोचला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. घरचे म्हणतात कॉम्प्युटर म्हातारा झाला. तो गुदमरलेला असतो. ब्रश, ब्लोअर आणि पेस्टची एक ट्यूब एवढ्यावर हे काम भागतं. फक्त ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो बेफाम फिरतो आणि बेअरिंग जातं. मग रॅमकडे बघा. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर शेजारच्या रिकाम्या खाचेत तिची जुळी बसवा. रॅम १६ जीबी होते, शिवाय दोन चॅनल चालू होऊन ये-जा करायची वाट दुप्पट रुंद होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर डीडीआर-थ्रीची वापरलेली पट्टी मागायला संकोच वाटू नये. नवी घेणं हाच चैनीचा प्रकार आहे.

यानंतरचा खर्च एसएसडीचा. तिने फ्रेम फारशा वाढत नाहीत, हे खरं. पण ‘सायबरपंक २०७७’ने २०२३ मध्ये आपल्या किमान अटींतून हार्ड डिस्क काढून टाकली आणि त्याच वर्षी आलेल्या ‘स्टारफिल्ड’नेही एसएसडीच मागितली. खुल्या शहरातून गाडी हाकताना पुढची गल्ली वेळेवर उघडली नाही, तर फ्रेमचा आकडा काय चाटायचाय? त्यापाठोपाठ एसएमपीएसचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचं, लेबल वाचा. वर ठळक ‘४५० वॅट’ लिहिलेलं असतं आणि खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. गुणाकार करा: २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर जगतात ते या २१६ वर. बाकीचे वॅट दुकानदाराच्या कल्पनेत असतात. अशा डब्यावर मोठं कार्ड चढवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

आता कार्ड घ्या, पण बोर्डाची कुवत बघून. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेलं स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवरच भागवतात, म्हणून जुन्या घरात ती सुखाने नांदतात. उलट २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी कागदावर नवं, पण त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन. नव्या बोर्डावर त्या पुरतात. जुन्या बोर्डावर त्याच चार लेनची गती निम्मी किंवा त्याहून कमी होते आणि नवं कार्ड रांगेत उभं राहतं. वापरलेल्या कार्डावर आक्षेप असतो की ती क्रिप्टो मायनिंगमध्ये पिळलेली असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर अशी कार्डं बाजारात आली, हे खरंच आहे. पण त्यांच्यात आधी झिजतात ते पंखे आणि पॅड, आणि ते बदलता येतात. दुकानातच अर्धा तास गेम चालवून बघा. विक्रेता नको म्हणाला तर उत्तर मिळालंच.

आणि इथेच थांबा. याच सॉकेटमध्ये बसणारा वापरलेला आय-सेव्हन ४७९० मिळाला तर जरूर घ्या. त्यापलीकडचा प्रोसेसर म्हणजे नवा बोर्ड, नव्या बोर्डाला नवी रॅम, आणि कदाचित विंडोजचं लायसन्सही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यात २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळे रॅमचे भाव भडकले, म्हणजे मसालाही महागला. एएमडीच्या एएम-फोर बोर्डवाल्यांना मात्र हा नियम लागू नाही. २०१७ च्या त्यांच्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. त्यांनी खुशाल मिशीला पीळ द्यावा.

कोणी म्हणेल, एवढा आटापिटा करण्यापेक्षा पैसे साठवून नवाच घ्यावा. पैसे साठत असतील तर बेलाशक. पण एसएसडी, एसएमपीएस आणि कार्ड पुढच्या कॅबिनेटमध्येही जातात. वाया जाते ती फक्त जुनी रॅम आणि प्रोसेसर, म्हणून त्यांच्यावर कमीत कमी खर्च. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ चौथ्या पिढीला अधिकृतपणे दारात उभं करत नाही, आणि ‘व्हॅलोरंट’ हा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था मागतो. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ तर रे-ट्रेसिंगचं हार्डवेअर नसलेल्या कार्डावर चालतच नाही. तुमचा जीव अशाच एखाद्या गेममध्ये अडकला असेल, तर ब्रशवरही खर्च करू नका, आरडी उघडा. बाकीच्यांसाठी कसोटी सोपी आहे: एक भाग बदलायला आणखी तीन बदलावे लागले की अपग्रेड संपलं आणि खरेदी सुरू झाली. तोवर सेटिंगमध्ये जाऊन सावल्या ‘अल्ट्रा’वरून ‘मीडियम’वर आणा. फ्रेम वाढतील, आणि गोळ्या चुकवायच्या धांदलीत शत्रूच्या सावलीची कड कोणी तपासत नाही.