पायलट मागावा कसा

पायलट ग्रँट म्हणजे चाचपणीपुरता निधी. चंद्रपूरच्या हवेने शाळकरी मुलांच्या फुप्फुसांचं काय होतं ते आधी थोडक्यात पाहावं, काही हाती लागलं तर मोठा अभ्यास मांडावा, इतका सरळ हेतू. पण अर्ज म्हणतो, 'प्राथमिक निष्कर्ष जोडा.' ते असते तर पायलट कशाला मागितला असता, हे लिहायला रकाना नाही. अनुभवी मंडळी म्हणूनच करून झालेल्या कामासाठी अर्ज करतात. निष्कर्षही कसे वेळेत येतात!

खरी अडचण 'नावीन्य' या रकान्याची. कोळशाचा धूर जुना, खोकला त्याहून जुना. पीएम २.५ची, म्हणजे हवेतल्या सूक्ष्म कणांची, आपली २००९ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये सुचवलेली ५. या दोन आकड्यांच्या मधली हवा घेणाऱ्यांना कागदोपत्री काही होत नाही. अशा वेळी प्रस्तावात 'कृत्रिम बुद्धिमत्ता' घालावी. खोकला लगेच नवा होतो.

मग एथिक्स कमिटी. पालकांची संमती हवी, मुलांचीही हवी, आणि ते योग्यच. धुराने मात्र कोणाचीच घेतलेली नसते.

पैसे आलेच तर फेब्रुवारीत. खर्चाच्या उपयोगिता प्रमाणपत्राला ३१ मार्च गाठायचा, आणि हवा मोजायचं यंत्र सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून, सर्वांत स्वस्त बोलीचं. मोजायचं होतं हिवाळ्यातलं धुरकं. यंत्र उघडतं एप्रिलमध्ये. तेव्हा चंद्रपुरात हवेबद्दल कोणी बोलत नाही, सगळे पारा किती चढला ते विचारत असतात.