क्षुल्लक बोलण्याचा परवाना

दाजींच्या होडीत दोन रेडिओ आहेत. एकावर गप्पा मारायला बंदी आहे आणि दुसऱ्यावर धंद्याचं बोलायला. नकाशाच्या टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी बसवलेत. घाईत चुकीचा माइक उचलला जाऊ नये म्हणून अक्कानं एकाच्या वायरीला लाल लोकर गुंडाळून ठेवलीय. लाल म्हणजे कामाचा. बिनलोकरीचा तो दाजींचा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. माणूस मूळचा सांगलीचा. पाण्याशी पूर्वीचा संबंध विचाराल तर कृष्णेचा पूर, आणि तोही माडीवरून बघितलेला. अमेरिकेत जन्मभर नोकरी करून निवृत्त झाले आणि मेरीलँडमध्ये, अ‍ॅनापोलिसजवळ, चेसापीक उपसागराच्या काठी ३२ फुटांची एक जुनी शिडाची होडी घेऊन बसले. अक्काला वाटलं, एका उन्हाळ्याचं खूळ असेल. मी दोन महिन्यांसाठी गेलो, तेव्हा त्या खुळाचा सहावा उन्हाळा चालला होता आणि त्याला रेडिओ नावाचं दुसरं खूळ फुटलं होतं.

माझी समजूत अशी, की समुद्र म्हटला की माणूस मोकळा. सिग्नल नाही, टोलनाका नाही, शिट्टी मारणारा हवालदार नाही. ही समजूत पहिल्याच शनिवारी गेली. कोस्ट गार्डच्या स्वयंसेवक शाखेचे एक आजोबा होडी तपासायला आले. ही तपासणी फुकट असते, आपणच बोलवायची असते. काही कमी निघालं तर दंड नाही की वर तक्रारही नाही, फक्त खिडकीवर लावायचा स्टिकर मिळत नाही. पण त्या स्टिकरसाठी दाजी असे अस्वस्थ झाले होते, जसे आमच्या शाळेत डेप्युटी यायचे त्या दिवशी हेडमास्तर व्हायचे.

आजोबांनी माणशी एक लाइफ जॅकेट मोजलं. फेकायचं कडं हाताशी आहे का पाहिलं. मग धोक्याच्या वेळी पेटवायच्या नळकांड्या, फ्लेअर म्हणतात त्या, हातात घेऊन चष्मा कपाळावर चढवला आणि तारीख वाचली. फ्लेअरचं आयुष्य बनवल्यापासून ४२ महिन्यांचं. दाजींच्या मे महिन्यातच संपल्या होत्या. गंमत अशी, की संपलेल्या फ्लेअर उगाच पेटवून संपवायच्या नाहीत (ती खोटी हाक होते) आणि कचऱ्यातही टाकायच्या नाहीत. त्यामुळे होडीच्या एका कप्प्यात गेल्या दोन पिढ्यांच्या फ्लेअर दाजींनी सांभाळून ठेवल्यात, माळ्यावर जुनी समई ठेवावी तशा.

मग पाट्या. होडी २६ फूट किंवा जास्त असेल तर दोन पाट्या हव्यात. पाण्यात तेल सोडू नये, ही निदान ५ बाय ८ इंचांची, इंजिनापाशी. कचरा टाकू नये, ही ४ बाय ९ ची, दिसेल अशा जागी. त्यात प्लास्टिक कुठंच टाकायचं नाही, आणि बाकीचं काय, किनाऱ्यापासून किती मैलांवर, याचा सगळा तपशील. एवढ्या दूर येऊन समुद्रावर पुणेरी पाटी वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. फरक एवढाच, की इथं पाटीतला तिरकस शेरा गाळलेला होता.

सर्वांत शेवटी आजोबा गुडघ्यावर बसले आणि संडासात डोकावले. तिथल्या नळीला दुतोंडी झडप असते. एक तोंड टाकीकडे, दुसरं समुद्राकडे. किनाऱ्यापासून ३ मैलांच्या आत समुद्राकडचं तोंड बंद असून भागत नाही, ते बंदच राहील असं जखडलेलं असावं लागतं. कुलूप घाला, झडपेचा दांडा काढून ठेवा, नाहीतर कापल्याशिवाय सुटणार नाही अशी प्लास्टिकची पट्टी आवळा. दाजींनी पट्टी आवळली होती. आजोबांनी ती दोन बोटांनी ओढून पाहिली आणि मान डोलावली. माणसाच्या सद्सद्विवेकबुद्धीवर विसंबून न राहणारा इतका स्पष्ट कायदा मी पहिल्यांदाच पाहिला.

फ्लेअर नव्या आणल्यावर स्टिकर मिळाला. असो. मला सांगायचंय ते रेडिओंचं.

लाल लोकरवाला तो व्हीएचएफ. जास्तीत जास्त २५ वॅट, नजरेच्या टप्प्यापेक्षा थोडं पुढं ऐकू जातं. अमेरिकेच्या पाण्यात हौशी होडीला त्याचा परवाना लागत नाही, पण बहामाला जायचं म्हटलं की होडीचाही लागतो आणि बोलणाऱ्याचाही. सुरू असेल तेव्हा १६ नंबरच्या चॅनेलवर कान ठेवायचा. तिथं एकमेकांना हाक मारायची आणि दुसऱ्या चॅनेलवर निघून जायचं. मोकळा ठेवायचा तो बुडणाऱ्यासाठी. बाकीच्या चॅनेलवरही होडीच्या कामापुरतंच बोलायचं. नियम असा सुरेख, आणि शनिवारी सकाळी १६ वर काय ऐकू येतं? ‘रेडिओ चेक, रेडिओ चेक, माझा आवाज येतोय का?’ कोस्ट गार्डनं कितीही सांगितलं, यासाठी हा चॅनेल वापरू नका, तरी प्रत्येक नव्या होडीवाल्याला एकदा विचारल्याशिवाय राहवत नाही. येतोय का आवाज. मला त्यांची चीड यायची सोडून कणवच आली.

दुसरा रेडिओ हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा. त्याला परीक्षा द्यावी लागते. दाजींनी वाचनालयाच्या खोलीत बसून दिली. ३५ प्रश्न, २६ बरोबर आले की पास. पुढची पायरीही तेवढ्याच प्रश्नांची, आणि ती चढल्यावरच दूरच्या लहरींवर मनासारखं बोलता येतं. २००७ पासून मोर्सची कट्‌कट्‌ही उरलेली नाही. आणि सगळे प्रश्न उत्तरांसकट आधीच छापलेले असतात! पेपर फुटायची सोयच ठेवलेली नाही. मी म्हटलं, ‘‘दाजी, मग यात परीक्षा कसली?’’ तर म्हणाले, ‘‘पाव्हणं, चारशेच्या वर प्रश्न पाठ करता करता माणसाला चुकून विषय समजतो. तीच परीक्षा.’’

पास झाल्यावर सरकार एक हाकेचं नाव देतं, अक्षरं आणि आकडा मिळून. मुंज झाल्यासारखं ते नाव मग जन्मभर. समुद्रावरून बोलताना त्यापुढं ‘मॅरिटाइम मोबाइल’ लावायचं. बोलणं चालू असताना दर दहा मिनिटांनी आणि शेवटी हे नाव सांगायचं, तेही इंग्रजीत. बाकी बोलणं कुठल्याही भाषेत चालतं. सुरू करण्याआधी थोडा वेळ नुसतं ऐकायचं आणि विचारायचं, की इथं कुणी बोलतंय का. एवढी एक अट आमच्या गल्लीतल्या मीटिंगला लागू केली असती तर दोन खटले वाचले असते.

हॅमवर काय बोलायचं नाही, याची यादी मोठी आहे. गाणं लावायचं नाही. शिवी द्यायची नाही. अर्थ लपवायला सांकेतिक भाषा वापरायची नाही. आणि जिथं आपला पैशाचा संबंध येतो असं काहीही बोलायचं नाही. जुना रेडिओ विकायचाय असं अधूनमधून सांगितलेलं चालतं, कारण ती हॅमच्या उपयोगाची वस्तू. जुना नांगर विकायचाय असं मात्र सांगता येत नाही. दाजींकडं एक जादा नांगर आहे. तीन वर्षं तो होडीच्या तळाशी पडून आहे आणि दाजी रोज शंभर माणसांशी बोलून त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

मग उरतं काय? तर गप्पा. ही सवलत कुणी डोळेझाक करून दिलेली नाही, तिला आंतरराष्ट्रीय नियमांचा आधार आहे. हॅमनी आपल्या प्रयोगांबद्दल बोलावं आणि खाजगी स्वरूपाचं बोलावं. पूर्वी त्या कलमात एक जादा अट होती, २००३ साली नियम बदलले तोवर. हे खाजगी बोलणं इतकं बिनमहत्त्वाचं असलं पाहिजे, की त्यासाठी सार्वजनिक तार-टेलिफोनकडे जाण्याचं कारण पडू नये! दाजींनी हे सांगितलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. ज्या काळी आपल्याकडं नुसता रेडिओ ऐकायलाही पोस्टात फी भरून पुस्तकात तिकिटं चिकटवून घ्यावी लागत, त्या काळी जगातल्या सगळ्या सरकारांनी एकत्र बसून क्षुल्लक बोलण्याला अशी जागा राखून ठेवली होती. महत्त्वाचं काही बोललात तर परवाना धोक्यात. आमच्या आत्याला हा परवाना विनापरीक्षा मिळायला हवा होता.

रोज सकाळी पावणेआठला दाजी ७.२६८ मेगाहर्ट्‌झ लावतात. वॉटरवे नेट. किनाऱ्यालगतच्या आणि खाली कॅरिबियनपर्यंतच्या होड्यांची हजेरी असते ती. एक जण नावं पुकारतो, बाकीचे आपण कुठं आहोत, कुठं निघालोय ते सांगतात. वारा किती, डास किती, कुणाचं इंजिन खोकतंय. एकालाही महत्त्वाचं म्हणता येणार नाही असं बोलणं. पण कालपर्यंत हजेरी देणारा आज बोलला नाही, की पुकारणारा दुसऱ्यांदा नाव घेतो. मग तिसऱ्यांदा. त्या दोन हाकांच्या मधली खरखर मी ऐकलीय. टेबलाभोवती तिघंही गप्प होतो.

तिथं बसल्या बसल्या दाजी जुन्या गोष्टी सांगतात. १९४७ साली थॉर हेयरडालचा कॉन-टिकी तराफा पेरूहून निघून १०१ दिवस पॅसिफिकवर वाहत होता, तेव्हा त्यावर एलआय२बी या नावाचा हौशी रेडिओ होता, अवघ्या ६ वॅटचा. मायदेशी ओस्लोच्या एका हॅमला तो लागला आणि त्याच्यामार्फत नॉर्वेच्या राजाला पंचाहत्तरीच्या शुभेच्छा पोचल्या. बाल्साच्या ओल्या ओंडक्यांवर बसलेल्या सहा माणसांना सांगावंसं वाटलं ते हे. उलट गोष्ट ‘सुहैली’ची. ती मुंबईत बांधलेली, सागवानी, दाजींच्या होडीएवढीच ३२ फुटी. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत कुठंही न थांबता एकटा पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. पण वाटेत रेडिओ बंद पडला. नोव्हेंबरात न्यूझीलंडपाशी दिसला, त्यानंतर थेट एप्रिलमध्ये. मधल्या महिन्यांत त्याच्या घरच्यांनी काय केलं असेल, हे अक्का दर वेळी विचारते आणि दाजी दर वेळी अँटेनाकडे बघतात.

अँटेना म्हणजे डोलकाठीला मागून धरून ठेवणारी तारच. तिला वर-खाली दोन ठिकाणी चिनीमातीसारखे तुकडे घालून वेगळं पाडलंय. दाजींनी माइकचं बटण दाबलं की त्या तारेतून १०० वॅट बाहेर पडतात आणि शेजारी सुकाणू धरणाऱ्या यंत्राला वाटतं, आपल्यालाच काहीतरी सांगितलं. ते वळतं. पहिल्या दिवशी दाजींनी खाली ‘हॅलोऽऽ’ म्हटलं आणि वर होडी डावीकडे झुकली. अक्का ओरडली, ‘‘अहो, बोलणं थांबवा, होडी वळतीया!’’ दाजी थांबले, होडी सरळ. पुन्हा हॅलो, पुन्हा वळण. नंतर वायरींना फेराइटच्या काळ्या कड्या अडकवल्या तेव्हा यंत्र जरा शहाणं झालं. तरी लांब ‘ओ’ ते अजून मनाला लावून घेतं.

आता अक्काचं दुखणं. सांगलीत आमच्याच गल्लीतला एक दाजींचा शाळासोबती हॅम आहे. लहरींची मर्जी असेल तेव्हा, इथली सकाळ आणि तिथली चहाची वेळ गाठून, दोघांचं कधीमधी जुळतं. एकदा असं जुळलं तेव्हा अक्कानं माइककडे हात केला. दाजींनी माइक मागं घेतला. परवाना नसलेल्या माणसाचा निरोप किंवा आवाज परदेशी पाठवायचा तर त्या देशाशी तसा करार लागतो. अमेरिकेच्या यादीत भारत नाही. ‘‘तू थर्ड पार्टी आहेस,’’ दाजी म्हणाले.

खरंतर त्यांनी नियम सांगितला होता. पण ज्या आवाजात अक्कानं ‘‘कोण?’’ विचारलं, त्याला १०० वॅट लागले नसते. ‘‘चाळीस वर्षं संसार केला तो थर्ड पार्टीनं?’’ त्या दिवशी होडीवर जेवणाचं नेट भरलं नाही.

फोनवर ती त्या माणसाशी कधीही बोलू शकली असती, बोलतही असते. मुद्दा तो नव्हता. दुसऱ्या दिवशी दाजींची चहाचे डाग पडलेली प्रश्नांची पुस्तकं अक्काच्या उशाशी दिसली. तीन आठवड्यांनी त्याच वाचनालयात जाऊन तिनं दोन्ही पायऱ्या एका बैठकीत चढल्या, वर ३५ डॉलर फी भरली आणि घरी येऊन, दाजींचे पहिल्या पायरीला किती आले होते, असं नुसतं विचारलं. दाजी म्हणाले, आठवत नाही.

माझ्या परतीच्या आठवड्यात सांगली लागली. सकाळचे साडेसात, तिकडे संध्याकाळचे पाच. वारा बेताचा, शीड भरलेलं. दाजींनी सुरुवात केली, मग उठले आणि खुर्ची दिली. अक्कानं पदराला हात पुसले (ड्रेस होता, तरी पुसले), बिनलोकरीचा माइक घेतला, आपलं नाव इंग्रजीत सगळं नीट सांगितलं आणि मग मराठीत विचारलं, ‘‘आयर्विन पुलाला पाणी किती फूट हाय ओऽऽ?’’

वर होडी वळली. मी दाजींकडे पाहिलं. ते सुकाणूपाशी बसले होते, एक हात यंत्रावर. काही बोलले नाहीत. पलीकडून उत्तर आलं, पाऊस, धरण, गल्लीतल्या कुणाचं तरी नाव, आणि फुटांचा आकडा येता येता खरखरीत बुडाला. अक्कानं पुन्हा विचारलं, त्याच लांब ‘ओ’नं. होडी आणखी वळली, शीड फडफडायला लागलं. दाजी तसेच बसून.

तिसऱ्या खेपेला ‘‘...वीस’’ एवढं ऐकू आलं. एकवीस की सव्वीस कळलं नाही. ‘‘वीसच्या पुढं आहे, चाळीसच्या आत आहे,’’ असं म्हणून अक्कानं सेव्हंटी-थ्री, म्हणजे हॅमचा रामराम, म्हटलं आणि माइक ठेवला. नकाशाच्या पडद्यावर आमच्या सरळ वाटेला तेवढ्यात एक मोठी गोल गाठ पडली होती.